तिसऱ्या कप्प्यातला कोमट गहू

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. इथे गहू बाहेरून येतो, आणि डॉलर महागल्यापासून पाव मुठीएवढा झालाय. म्हणून परवा गव्हाचं जहाज धक्क्याला लागलं तेव्हा सगळ्यांचीच घाई. जहाज उभं राहिलं की रोजचं भाडं चढतं, आणि ते शेवटी पिठाच्या भावातच येतं.

नमुने तपासायचं काम माझं. जहाजाच्या तिसऱ्या कप्प्यात कोपरापर्यंत हात घातला, तर गहू कोमट लागला. गहू कोमट म्हणजे आत ओल, हे तुम्ही आपल्या गिरणीत माझा हात पोत्यात खुपसून शिकवलं होतं. मी माल उतरवायच्या कागदावर सही केली नाही.

आयातदार भडकला. "बाई, तुमच्या हाताला वाटलं म्हणून शहर उपाशी ठेवू?"

"बाकीचे कप्पे आत्ताच उतरवा. हा एवढा तळापर्यंत उघडा," मी म्हटलं. आणि त्या कप्प्याच्या तोंडाशीच उभी राहिले.

दुपारी तळाशी मोड आलेला गहू निघाला. तो वेगळा काढला. चांगला गहू कालपासून गिरण्यांना जातोय आणि पिठाचा भाव जरा उतरलाय. आयातदारानं स्वतः चहा आणून दिला.

"कुठे शिकलात हे?"

"वडिलांचा ओरडा खात," मी म्हटलं.

तुमचा खोकला कसा आहे? नाकाला फडकं बांधता ना? आईला सांगा, फोटोत मी बारीक दिसते ती इथल्या जिन्यांमुळे. आज दोन पाव खाल्ले, लोणी लावून.

तुमची,
धाकटी