पहिली शिट्टी

पॉट्सडाम,
२३ ऑक्टोबर १९६६

प्रिय हार्टमुट,

तू, तुझी इल्झे आणि आपले बाबा बरे असाल. माझी कंबर पुन्हा धरलीय. दोन दिवस कोबीच्या सुपावर आहे, कारण रांगेत उभं राहवत नाही. शेजारच्या क्लिंगरबाई मंगळवारी तुमच्या ब्रांडेनबुर्गला बहिणीकडे येतायत, म्हणून पत्र त्यांच्या पिशवीतून पाठवतेय. टपालापेक्षा त्यांची पिशवी बरी. वाचून झालं की शेगडीत घाल.

तुझी कबुतरं कशी आहेत? त्या पांढऱ्या मादीने अंडी घातली का?

आमचा चित्रपट उतरवला, हे तुला ठाऊकच असेल. तीन दिवस चालला. डबे कोठारात गेले आणि मलाही संकलनाच्या टेबलावरून उठवून कोठारातच धाडलंय, डबे पुसायला. टेबलाची सवय झालेल्या बाईला उभ्याचं काम नको होतं. भांडायचं त्राण नाही. दिग्दर्शक तर नुसता सिगारेटी ओढतो.

पहिल्या खेळाला मी मागच्या रांगेत होते. नव्या चित्रपटाच्या वेळी आम्ही थिएटरात टेप लावून ठेवतो. लोक कुठे हसले, कुठे खोकले ते ऐकून मग कात्री चालवायची. त्या दिवशी कारखान्यांच्या बसगाड्या भरून माणसं आली होती. अर्ध्या दिवसाची सुट्टी, सॉसेज, बिअर आणि 'कामगारांची बदनामी करणाऱ्या' चित्रपटाला हुर्यो. मात्र त्यांना सांगणाऱ्याने एवढंच सांगितलं होतं की अंधार झाला की सुरू करा. आधी बातमीपट असतो, हे तो शहाणा विसरला. पडद्यावर आपले थोर नेते बटाट्याच्या प्रदर्शनाची फीत कापतायत आणि खाली ही शिट्ट्यांची बरसात! पुढचा एक जण उठून ओरडत होता, "अरे थांबा! गाढवांनो, हे आपलेच आहेत!"

मी हसले. खूप दिवसांनी हसले. मग पहिली शिट्टी कुणाची ते कानाला कळलं आणि हसू गेलं.

दोन बोटं तोंडात घालून, शेवटी वर चढणारी. कबुतरं परत बोलवायची शिट्टी, हार्टमुट. ती मी तुला शिकवलीय.

परवा दोन साहेब टेप घेऊन आले. चित्रपटाला शिट्ट्या हव्याच होत्या, पण नेत्यांना कुणी मारली याची चौकशी आहे. "बाई, तुमचे कान तिखट म्हणतात. ही पहिली कुणाची, कुठल्या गटातली, ऐकून सांगा."

म्हटलं, "सर्दीने कान बंद आहेत, साहेब. सोमवारी या."

टेप माझ्याकडेच ठेवून ते गेल्यावर मी तो तुकडा कापला आणि दुसरीकडचा जोडला. आता तिथे एक म्हातारा जोरात खोकतो. उद्या सोमवार. बहुतेक खपेल. नाही खपलं तर क्लिंगरबाई तुला कळवतील. तू इकडे धावत येऊ नकोस.

रागावले नाही, असं लिहायचं ठरवलं होतं. पण रागावलेय. तुला आता कळलंच असेल कशासाठी.

चित्रपटात तुरुंगातून सुटलेला माणूस स्वतःच्या दारापुढे उभा राहतो. खिशात किल्ली असून उघडत नाही. दुसऱ्या कुणी उघडण्याची वाट बघतो. आई म्हणाली होती तेच त्यातली बायको म्हणते, "अहो, किल्ली आहे ना तुमच्याकडे?" बाबा सुटून आले तेव्हा तू जिन्यावर उभा होतास, अंगात माझा जुना स्वेटर. बाबांनीच मला सांगितलं होतं, "घाल चित्रपटात. नाव नको. आणि हार्टमुटला बोलू नकोस, त्याला फ्लॅट मिळायचाय."

टेप मी पुन्हा पुन्हा ऐकली. दार येईपर्यंत तुझी शिट्टी सगळ्यांच्या वर आहे. दारापाशी थांबते. बाकीचे शेवटपर्यंत बोंबलतायत, तुझी पुन्हा येत नाही. ते मी कापलेलं नाही.

बाबा टेलिफोनवर विचारत होते, "काय गं, आमच्या गावाला कधी लागणार?" मी म्हटलं, "लागेल." आता लागणार नाही. माझ्या हयातीत तरी नाही असं वाटतं, बाबांचं तर सोडच.

म्हणून एक काम सांगते. रविवारी इल्झेला तिच्या आईकडे पाठव आणि बाबांजवळ बस. तो चित्रपट त्यांना सांग. दारापासून सुरुवात कर. मी सांगितला तर म्हणतील, पोरीचं कामच ते, कौतुक करणारच. तू तिथे हुर्यो करायला गेला होतास आणि गप्प बसलास, हेही सांग. तुझ्याकडून ऐकलं तर त्यांना तो खरा वाटेल.

आणि मग दोघं फिरायला निघताना दार त्यांना उघडू दे. वेळ लागला तरी थांब.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच,
रोसविथा