पिसाची देवी सरिताबाईंना मिळू नये

मी मालनबाई नरसिंग खिल्लारे, वय ७२, राहणार आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी, जि. हिंगोली. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते.

१. राहते घर मुलगा विकास याचे. पुढच्या खोलीचा निळा रंग त्याने बदलू नये. तो मी पसंत केला होता, त्याच्या वडिलांनी नाही.

२. बँकेतील ठेव व शिलाई मशीन मुलगी निता हिची. मशीन माझ्या कमाईची आहे.

३. माझे पती नरसिंग मास्तर शाळेत चित्रकला शिकवीत. त्यांनी काढलेले मोठे चित्र पुढच्या खोलीत आहे. इजिप्त देशाची जुनी कथा. माणूस मेला की कोल्ह्याच्या तोंडाचा देव त्याचं काळीज तराजूत घालतो. दुसऱ्या पारड्यात सत्याच्या देवीचं पीस. काळीज जड भरलं तर मगरीच्या तोंडाचं जनावर ते खाऊन टाकतं. आम्ही बुद्धाला मानणारी माणसं, काळीज तोलणारे देव आमच्यात नाहीत. तेही चाललं असतं. पण देवीला मास्तरांनी तोंड दिलं ते सरिताबाईंचं. त्या त्याच शाळेत मराठी शिकवीत.

मी विचारलं, "हिचंच तोंड काहून?"

"तू घरची. तोलताना तुला माझी भीड पडंल. देवी परकीच पाहिजे."

"मंग गावात दुसरी परकी न्हवती का?"

मास्तर ब्रश धूत राहिले.

शेवटच्या आजारात ते माझ्या हाकेला डोळे उघडत नसत. सरिताबाई दवाखान्यात आल्या तर उशीला टेकून बसले आणि चित्राला ओल तर लागली नाही ना, असं त्यांना विचारलं. चित्र माझ्या घरात, मी खाटेच्या पायथ्याशी उभी!

मास्तर गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी सरिताबाई म्हणाल्या, "ताई, ते चित्र मला द्याल का?"

मी म्हणाले, "चहा घ्या."

४. सबब सदर चित्र निताने नांदेडला आपल्या घरी न्यावे. ते सरिताबाईंना देऊ नये, विकू नये, मोबाइलवर फोटोसुद्धा धाडू नये.

५. ज्याला काही द्यायचं त्याची साक्ष घेऊ नका, असं वकील म्हणाले. म्हणून पहिली साक्ष सरिताबाईंचीच घ्यायची ठरवली. आज त्या आल्या. त्यांनी वरचं सगळं वाचलं. हे कलम त्या समोर असतानाच लिहिते आहे.

"सही करते, ताई. त्याआधी एकदा बघू का?"

मी बघा म्हणाले. काठी टेकत त्या भिंतीपाशी गेल्या. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"किती तरणी काढली हो मास्तरांनी," एवढंच बोलल्या.

तिथून हलेनात. मी खुर्ची सरकवली. बसल्या, तरी मान वरच. मला त्यांची कीव आली.

कलम चार आहे तसेच ठेवले आहे.

ठिकाण : आखाडा बाळापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार : मालनबाई नरसिंग खिल्लारे (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. सरिता भीमराज वाढवे, निवृत्त शिक्षिका (सही)
२. धर्मसिंग राठोड, शेजारी (सही)