रेवती मॅडमचं स्टिअरिंग

९ जानेवारी, गुरुवार

आज पुन्हा उसवलं. अख्खं वीतभर!

हे म्हणाले, "टाका ढिला आहे. काढ." मी म्हटलं, "कुठे दिसतोय?" तर म्हणे, "बघायचं नसतं, बोट फिरवायचं असतं." फिरवलं. होताच ढिला — सात टाके मागे, चाकाच्या आतल्या कडेला. काढलं सगळं. पुन्हा सुई ओवली.

गेल्या पाडव्यापर्यंत मला माहीतही नव्हतं, की गाडीच्या स्टिअरिंगवरचं चामडं हाताने शिवतात. तीस वर्षं ह्यांचा डबा भरला, पण ते तिथे अंधेरीला जाऊन नेमकं काय करतात हे कधी विचारलं नाही. सीटांचं काम करतात, एवढंच. आता चाक माझ्या मांडीवर. दोन सुया, मेणाचा दोरा, आणि समोर खुर्चीत हे. डावा हात मांडीखाली दाबून.

डॉक्टर कंपवात म्हणाले. डावा हात पुढे, उजवा मागून येईल म्हणाले. किती सहज म्हणाले!

काम देणाऱ्या नितेशला सांगितलंय की ह्यांची कंबर धरलीय, म्हणून काम घरी हवं. तो पाठवतो. मी शिवते. ह्यांचं म्हणून जातं.


११ जानेवारी, शनिवार

नितेशचा फोन. स्पीकरवर होता, ह्यांना फोन धरवत नाही. "दादा, हात अजून तोच राव! एकदम झकास. गिऱ्हाईक विचारत होतं, मशीन कुठली वापरता?"

हे नुसते "हं" म्हणाले.

मी मोरीत भांडी घासत होते. ऐकून छान वाटलं — खोटं कशाला लिहू, खूप छान वाटलं. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे ती मशीन इथे भांडी घासतेय! बाहेर आले तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. जेवायलाही उठले नाहीत. मग छान वाटल्याचीच लाज वाटली.

नितेश ह्यांच्या हाताखाली शिकला. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. त्याचं कौतुक ह्यांना किती लागत असेल.


१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. शेजारच्या शुभाकडे हळदीकुंकू. वाण देताना तिने माझी बोटं पाहिली. "हे काय गं, सुलक्षणा? सगळी भोकं भोकं!" म्हटलं, मासे साफ करताना काटे लागले. संक्रांतीला मासे! ती बघतच राहिली.


१६ जानेवारी, गुरुवार

नितेश स्वतः आला. पिशवीत एक स्टिअरिंग, जुनं. ह्यांनी लगेच हात मांडीखाली घातला.

मुलुंडच्या कुणी रेवती मॅडम आहेत. वडील ऑगस्टमध्ये गेले. गाडी त्यांची, अठरा वर्षांची. दोरा सगळा कुजलाय, चामडं कडेने उचकटलंय. नितेशने सांगितलं की नवीन चामडं चढवून देतो, दिवसाचं काम. तर म्हणाल्या, "नवीन नको. हेच परत शिवा." उजव्या बाजूला, जिथे वडिलांचा हात असायचा, तिथे चामडं झिजून काचेसारखं झालंय. बोटांच्या जागासुद्धा कळतात.

नितेश म्हणाला, "वहिनी, चार ठिकाणी नाही म्हणाले त्यांना. जुनं चामडं, फाटलं तर संपलं. मी सांगितलं, एकच माणूस करेल."

ह्यांनी हो म्हणून मान हलवली.

तो गेल्यावर मी म्हटलं, "मला नाही जमणार. परत द्या." हे म्हणाले, "बस. मी शिकवतंय."


१७ जानेवारी, शुक्रवार

आज सुई लावलीच नाही. कुजलेला दोरा काढला — कातरीने नाही, चिमट्याने, एकेक तुकडा. मग क्रीम चोळलं. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. कडक पापडासारखं होतं, आता जरा वळतंय.

हे म्हणाले, "नवीन भोक पाडायचं नाही. जुन्या भोकातूनच जायचं. ओढताना दोरा ओढायचा, चामडं नाही." दहा वेळा तेच. मी चिडले नाही. कित्येक महिन्यांनी एवढं बोलले!


१९ जानेवारी, रविवार

वीतभर सोडलं तर झालं. मान मोडून आलीय. उजवी बाजू आज पूर्ण केली, श्वास रोखून. हे वाकून बघत होते. "बरां," म्हणाले. बरां! ह्यांच्या तोंडून हे म्हणजे शाल-श्रीफळच.

पण लगेच उठून दारात जाऊन उभे राहिले. बराच वेळ.


२० जानेवारी, सोमवार

लिहायलाही हात होत नाही.

सकाळी औषधं आणायला गेले. रांग होती. यायला एक वाजला. दार उघडंच. हे खाली बसलेले, स्टिअरिंग दोन गुडघ्यांत, हातात भोकं पाडायची आरी. उजव्या बाजूला लागून शेवटचा वीतभर राहिला होता ना — तो शिवायला घेतला होता. काही भोकं बुजल्यासारखी होती, ती आरीने मोकळी करायला गेले. आरी घसरली. उजव्या बाजूला, त्या गुळगुळीत जागेच्या बरोबर मधून, दोन इंच फाटलंय!

मी दारातच उभी. हे मान वर करेनात. एवढंच म्हणाले, "एक तरी काम माझ्या हातचा जावंदे म्हटलंय."

आणि मी काय बोलले! लिहू का? लिहितेच. म्हटलं, "हात चलत नाय तर गप बसाक काय झाला तुमका?" शेजारच्या घरापर्यंत गेलं असेल इतक्या मोठ्याने.

त्यांनी आरी खाली ठेवली. हळूच. डब्यात ठेवायला गेले, दोनदा चुकली, तिसऱ्यांदा गेली. तेवढा वेळ मी नुसती बघत होते. मदत केली नाही.


२१ जानेवारी, मंगळवार

बोलत नाहीत. जेवायला वाढलं, दोन घास खाल्ले. चमच्यातून आमटी सांडली तर स्वतःच पुसली.

तीस वर्षांत मी ह्यांना असं कधी बोलले नव्हते. माफी मागावी तर कशी सुरुवात करू?


२२ जानेवारी, बुधवार

तसंच.


२३ जानेवारी, गुरुवार

नितेशचा फोन दोनदा. मीच सांगितलं, शनिवारी देते.

फाटलेल्या जागी आतून पातळ चामड्याची पट्टी सरकवली, चिकटवायचं सोल्युशन लावलं. वरून शिवायला हवी तेवढी बारीक सुई सापडेना. शेवटी माझी ब्लाउजची हात-शिलाईची सुई घेतली. एकवीस टाके. कुणाला विचारायची सोय नव्हती. हे खुर्चीत होते, पण डोळे मिटून. झोपलेले नव्हते, मला कळतं.

एकदा वाटलं, आता म्हणतील "ताण जास्त आहे." नाही म्हणाले.

शेवटचा वीतभरही पुरा केला. दुरून बघितलं तर बरं दिसतं. जवळून जखम शिवल्यासारखंच. ती दिसणारच.


२५ जानेवारी, शनिवार

ह्यांना म्हटलं, चला. मान हलवली — नाही. मग मीच निघाले, पिशवी छातीशी धरून. वाकोल्यातून रिक्षा.

नितेशचं दुकान पहिल्यांदाच पाहिलं. बाहेर ती गाडी उभी, स्टिअरिंगशिवाय. डोळे काढलेल्या माणसासारखी वाटली मला.

वाटेत ठरवलं होतं, खरं सांगायचं. सांगितलं. "नितेश, पाडव्यापासून सगळं मी शिवते. दादांचा हात गेलाय. कंबर-बिंबर काही नाही."

तो म्हणाला, "वहिनी, बसा आधी." पाणी दिलं. मग म्हणाला, "मला माहिताय. पहिल्या पीसपासून."

पाण्याचा ग्लास मी खाली ठेवला.

"दादा डावखुरे ना. त्यांचा टाका उलट्या अंगाला झुकतो. त्यांच्याकडेच शिकलोय, लांबून ओळखतो. तुमचा सुलटा पडतो." मग खाली बघून म्हणाला, "दादांना वाटतंय ना मला कळलं नाही — तर वाटू दे म्हटलं."

म्हणजे तो "झकास" मलाच होता! आणि ते कौतुक तो ह्यांना फोनवर ऐकवत होता. चांगल्या मनानेच. पण ह्यांना ते कसं लागत होतं, ते मला माहीत.

तेवढ्यात रेवती मॅडम आल्या. चाळिशीच्या असतील. स्टिअरिंग हातात घेतलं, अंगठा फिरवला आणि तिथेच थांबल्या. "हे काय झालं?"

नितेश काहीतरी जुळवू लागला. मी मध्येच म्हटलं, "माझ्याकडून फाटलं."

"तुमच्याकडून? मला तर सांगितलं होतं की काका करणार."

"मीच शिवते. माझ्या हातून आरी घसरली."

मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "एवढीच एक जागा होती हो माझ्याकडे." आणि गाडीच्या दाराला टेकून उभ्या राहिल्या, आमच्याकडे पाठ करून.

नवीन शिवून देते म्हणू? पैसे परत म्हणू? नितेशने स्टिअरिंग बसवलं. त्या गाडी घेऊन गेल्या. माझ्याकडे बघितलं नाही.


२६ जानेवारी, रविवार

ह्यांना सांगितलं, नितेशला पहिल्यापासून माहीत होतं. नको होतं सांगायला का? पण किती लपवायचं.

"पैल्यापासून?" एवढंच विचारलं. सहा दिवसांतला पहिला शब्द.

रेवती मॅडमबद्दल सांगितलं नाही. विचारलंही नाही त्यांनी.


२८ जानेवारी, मंगळवार

नितेशने काम पाठवलं नाही. मीही मागितलं नाही. आरी, सुया, मेण — सगळं डब्यात. घर एकदम मोठं झाल्यासारखं वाटतंय. नको तेवढं मोठं.

माफी अजून मागितलेली नाही. दोनदा तोंड उघडलं. एकदा वरून विमान गेलं, एकदा मीच गप्प बसले.


३१ जानेवारी, शुक्रवार

हे सकाळी कपडे घालून तयार. शर्टाची बटणं मला लावायला सांगितली — दोन शब्द, "लाव जरा." म्हटलं, कुठे? तर म्हणे बाळाकडे, कुर्ल्याला. बाळा ह्यांचा मावसभाऊ. मी येऊ का सोबत? "नको." सहा वाजले यायला. चेहरा पार उतरलेला, चपलेचा पट्टा तुटलेला. विचारलं तर म्हणाले, "चललंय खूप."


२ फेब्रुवारी, रविवार

रेवती मॅडमचा फोन आला, माझ्या नंबरवर. म्हणाल्या, "राग माझा अजून गेलेला नाही, आधीच सांगते. पण शुक्रवारी तुमचे मिस्टर मुलुंडला आले होते. तीन मजले चढून. नितेशकडून सगळं कळलं, पत्ताही त्याच्याकडूनच घेतला म्हणाले. दारातच हात पुढे करून दाखवला मला — थरथरत होता. म्हणाले, फाडलं ते ह्याने. शिवलं ते सुलक्षणाने. तिच्यावर राग धरू नका."

माझं नाव घेतलं. तीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं.