लांबची

४ जानेवारी, रविवार

पोचले एकदाची अलेक्झांड्रियाला! खोली झकास आहे. तिसरा मजला, खिडकीतून दोन इमारतींच्या फटीत समुद्राची एवढीशी चिंधी दिसते आणि खालच्या मासळीवाल्याची आरोळी थेट उशीपर्यंत येते. घरमालकीण नफूसामावशी सत्तरीच्या, एकट्या, जिभेला धार. दारातच माझी बॅग उचलून म्हणाल्या, बाई गं, यात कपडे आहेत की नवऱ्याला दुमडून आणलंयस? मी सांगितलं, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. तर म्हणाल्या, मग वजन कशाचं? किती दिवसांनी पोट धरून हसले.

ही वही आमच्या गावच्या, दमनहूरच्या शाळेची, शिवणवर्गातल्या मुलींची मापं लिहायची. आता माझी मापं लिहिते. सत्तावीस तारखेला डावा स्तन काढायचा आणि त्याच वेळी पोटाचं मांस घेऊन तिथे नवा घडवायचा. शहीराला सांगितलंय की शिवणाचं महिनाभराचं प्रशिक्षण आहे. पोटच्या पोरीशी एवढं मोठं खोटं याआधी कधी बोलले नव्हते. पण तिचं लग्न ईदनंतर आहे, आणि तिची होणारी सासू इनायतबाई प्रत्येक भेटीत गोड आवाजात विचारते, तुमच्याकडे कुणाला काही दुखणंबिखणं नाही ना? आईला ते वाईट दुखणं आहे असं कळलं तर ती लेकीच्या रक्तातही शोधेल. लग्न होईपर्यंत तोंड शिवून बसायचं. शिवणबाईच आहे मी.

६ जानेवारी, मंगळवार

मावशींना टेबलावर इस्पितळाचा कागद दिसलाच. कोण आजारी, म्हणून विचारलं. मी चटकन म्हणाले, मी नव्हे हो, आमची एक लांबची आहे, तिला ते झालंय. मी तिच्या सोबतीला आले.

सोयीचा शब्द. आमच्याकडे कुणाला गाढव म्हणायचं झालं तरी तोंडावर म्हणत नाहीत. ‘लांबचा गाढव आहे’ म्हणतात, म्हणजे शिवी हवेत जाते, समोरच्याला लागत नाही. दुखण्याचं नाव काढतानाही तसंच. ‘लांबचीला’ म्हणायचं, की ते लांबच राहतं. मावशींनी इडापिडा टळावी म्हणून गळ्याशी कापड ओढून आत थू थू केलं आणि लगेच चौकश्या सुरू. वय काय तिचं? एक्कावन्न. मुलं? एक मुलगी, लग्नाची. नवरा? नाही. काय करते? शिवण शिकवते. खोटं बोलताना मला नवं काही सुचेना. माझं होतं नव्हतं ते सगळं तिला देऊन टाकलं.

मावशींचे डोळे भरून आले. बिचारीसाठी त्यांनी देवाजवळ मागणं मागितलं. ते मागणं माझं होतं आणि मला ते घेता आलं नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

काल पोटाच्या रक्तवाहिन्यांची तपासणी झाली. सिगारेट बंद, लोहाच्या गोळ्या चालू. फोटोही काढले, गळ्यापासून मांडीपर्यंत. डोकं नाही. बरं वाटलं, डोकं नसलं की शरमही दिसत नाही.

खरी शरम दुखण्याची नाहीच. मला नवा स्तन हवाय, याची आहे. या वयात, विधवा बाईला! काढा आणि मोकळी करा, असं कुठलीही शहाणी बाई म्हणेल. मला मात्र आरशात सबंध दिसायचंय. डॉक्टर मिरवतबाईंना हे सांगताना माझ्या तोंडून निघून गेलं, लांबचीला असं वाटतं की पुन्हा पूर्वीसारखं व्हावं. डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, विदादबाई, इथे लांबचं कुणी नाही, कपडे तुम्हीच काढलेत. मग गंभीर होऊन म्हणाल्या की लेकीला सांगा. सोबतीसाठी तर हवीच, पण तिचीही तपासणी व्हायला हवी, तुमच्या आईलाही हेच होतं ना? हो म्हणाले. सांगते म्हणाले. सांगणार नव्हते.

१३ जानेवारी, मंगळवार

मावशी म्हणतात, दुपारी तुझी लांबची येऊन गेली. तुझ्याच खोलीत बसली होती. डावा हात काखेशी धरून, वाकून चालते गं बिचारी. मी चहा दिला.

मला आधी हसू आलं, मग राग. म्हातारीची गंमत असणार. पण पलंगावर कुणीतरी बसल्याची खळगी होती. मोरीत दोन पेले होते. एकाच्या तळाशी पुदिना, साखर नाही. बिनसाखरेचा पुदिन्याचा चहा पिणारी मला ठाऊक असलेली एकच बाई आहे.

१७ जानेवारी, शनिवार

मी पाहिलं तिला. भर दुपारी, रिमझिम पावसात, खिडकीतून. मासळीवाल्यापुढे उभी होती, पाठमोरी, माझा तपकिरी कोट घालून. मासळीवाला म्हणत होता, विदादबाई, आज बोरी मासा घ्या, तुमच्यासारखाच ताजा आहे. आणि ती हसली. माझं हसणं बाहेरून कसं ऐकू येतं ते मला आज कळलं.

धावत कपाट उघडलं. कोट जागेवर होता. खांदे ओले होते आणि खिशात माशाचे दोन खवले.

मावशींना खरं सांगून टाकावं, असं दारापर्यंत जाऊन वाटलं. मावशी, लांबची कुणी नाही, मीच ती. एवढंच तर वाक्य. पण त्यांनी माझ्या छातीकडे पाहिलं असतं. कळलं की सगळ्याजणी तिथेच पाहतात. परत फिरले.

२० जानेवारी, मंगळवार

शहीराचा फोन. आनंदाने चिवचिवत होती. म्हणाली, आई, रविवारी अशी न सांगता आलीस, किती मजा आली! पडदे तू निवडलेस ते बरं झालं. आणि इनायतकाकूंना तर जिंकलंस तू, शपथेवर सांगितलंस ना की आपल्या घराण्यात कुणाला काही नाही म्हणून, आता त्या सगळीकडे तुझं कौतुक करत सुटल्यात.

रविवारी मी इथे होते. झोपून उठायचा सराव करत होते, कुशीवर वळून, पोटाला ताण न देता.

मी म्हणायला हवं होतं, ती मी नव्हे. मी म्हणाले, हो गं, आवडले ना पडदे?

कारण ती इतकी खूश होती. कारण जी गेली ती धडधाकट होती. माझ्या लेकीला धडधाकट आई मिळाली एक दिवस — हे लिहितानाही लाज वाटते. देवा, मीच तिला घरात घेतलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

आता वाकून चालत नाही ती. ताठ असते. समोरच्या खुर्चीत बसते आणि मी कुशीवर वळून उठायला धडपडते तेव्हा बघत राहते. मग स्वतः उठून दाखवते. किती सहज.

समोरून बटणं लागणारा झगा शिवून ठेवला होता, ऑपरेशननंतरचा. तिने अंगाला लावून पाहिला आणि माझ्याकडे टाकला. तिला त्याची गरज नाही.

मावशींनी कबुतराचं सूप केलं. तिला म्हणाल्या, विदाद, तू आधी जेव. मग माझ्याकडे वळून, मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसं — घे गं लांबचे, दोन घास खा, ताकद येईल.

मी म्हणाले, मावशी, मी विदाद. त्यांनी गळ्याशी कापड ओढलं. थू थू.

२६ जानेवारी, सोमवार

इस्पितळात. उद्या सकाळी.

उभं करून पेनाने रेषा आखल्या. छातीवर, पोटावर, कापायच्या आधी कापडावर आखतात तशा. आज दुसरे डॉक्टर आहेत. मिरवतबाई उद्या थेट येणार. या डॉक्टरांनी तोंडाकडे पाहिलंच नाही.

परिचारिका म्हणाली, संमतीच्या कागदाची काळजी नको, तुमच्या विदादबाई सही करून गेल्या. फार भली बाई. मी कागद मागितला. सोबतीचं नाव: विदाद. रुग्णाशी नातं: लांबचं. रुग्णाचं नाव —

तिथे काही नाही. कोरं.

मी म्हणाले, विदाद मी आहे. ती म्हणाली, असू दे, असू दे, भीतीने असं होतं.

शहीराला फोन करणार. आता लग्न मोडलं तरी चालेल. तिची तपासणी व्हायला हवी. आईला होतं, मला आहे. तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि ती दुसरी कधीच सांगणार नाही. ती सांगेल तरी कशाला, तिला काही झालेलंच नाही —

२७ जानेवारी

केला फोन. सगळं सांगितलं. ओरडून सांगितलं. शहीरा, मी तुझी आई. लांबची नाही गं, मी. दुखणं मला आहे. तू छाती तपासून घे, बाळा, उशीर करू नको.

शहीराने ऐकून घेतलं. मग फार प्रेमाने बोलली. माझीच शिकवण, परक्या आजारी माणसाशी असंच बोलायचं. म्हणाली, मावशी, देव तुम्हाला बरं करो. रडू नका. पण आमच्याकडे ते कुणाला नाही हो. आईने शपथ घेतलीय.

मागे तेलात काहीतरी तळत होतं. माझ्या स्वयंपाकघरात. माझा आवाज म्हणाला, कोण गं?

आणि माझी लेक फोनपासून तोंड वळवून म्हणाली, कुणी नाही आई, ती तुझी लांबची.

मग कापड ओढल्याचा आवाज. थू थू. दोघींचा.

ढकलगाडी आली. नाव विचारतायत. मोठ्याने सांगणार आहे, सगळ्यांना ऐकू जाईल असं. शरम नाही आता. लिहून ठेवते म्हणजे जीभ घसरणार नाही. माझं नाव —

माझं नाव लां