कागदाच्या निऱ्या

सावेडी, नगर
संक्रांतीनंतरचा मंगळवार, १९७३

प्रिय रतन,

तुझे गुडघे, मिरजगावची तुझी विहीर आणि तुझे यजमान, याच क्रमाने, बरे असावेत. तिळाच्या वड्या पोचल्या. दात होते तेव्हा पाठवायला हव्या होत्यास. या पत्रातलं अक्षर पाहून दचकू नकोस. टेबलाचा एक पाय आखूड आहे आणि शाई भिकार आहे. (सुतार आणि दुकानदार, दोघांनाही बोलून झालंय.)

संतापाचं कारण असं, की आमच्या शाळेत सव्वीस जानेवारीला हस्ताक्षरांचं प्रदर्शन आहे. संस्थेचे चेअरमन आप्पासाहेब स्वतः घरी आले. ओळ वाकडी गेली म्हणून ज्याच्या बोटांवर मी चार वर्षं पट्टी मारली, तोच हा आप्पा. म्हणाला, "बाई, तुमच्या हातचं हवंच. सगळे जुने विद्यार्थी येणारेत." हा आदर होता की सूड, ते अजून कळलेलं नाही.

मी ठरवलं, चौकटीतला कागद कुणीही टांगतो. आपण घड्या घालून टेबलावर उभा राहणारा कागद करू, घडीघडीवर एक शब्द. वाक्य तेच, तीस वर्षं फळ्यावर लिहिलेलं : अक्षर हा माणसाचा आरसा आहे. (तेव्हा माणसं दुसरी असत.)

आधी तंबू केला. एका बाजूचे शब्द ताठ, दुसऱ्या बाजूचे शीर्षासनात. मग कागद ताठ राहावा म्हणून त्याला लुगड्याची खळ लावली, तर शाई अशी पसरली की माणसाच्या जागी ढग आला. शेवटी निऱ्या घालायला बसले. कॉन्व्हेंटात सिस्टरांनी आपल्याला टेबलक्लॉथची घडी शिकवली, पण निऱ्या त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत? माझ्या निऱ्या एकमेकींशी भांडू लागल्या. भांडी घासता घासता आमची गोजरबाई म्हणाली, "बाई, ह्यो कागद हाय, लुगडं न्हाई. आदी रेघ दाबा, मंग दुमडा." आणि जन्मात पेन्सिल न धरलेल्या त्या बाईने उलथन्याच्या दांड्याने अशा काटेकोर घड्या पाडल्या, की मी पट्टी लपवून ठेवली.

कागद उभा राहिला. मी लिहिलं. अभिमानाने मागे सरले, शिंकले, आणि आरसा आमटीत पडला. गोजरबाईने तो चिमटीत धरून निरखला. "लई झ्याक हुतं, बाई. पन ही अक्षरं थंडीनं कुडकुडल्यावानी का?"

मी तिला टेबलाचा पाय दाखवला.

असो. घरातल्या सगळ्यांना माझा नमस्कार, आणि म्हशीला चारा.

तुझी,
मनकर्णा

ता. क. टेबलाचे चारही पाय सारखे आहेत आणि शाई उत्तम आहे. गेलं वर्षभर माझा उजवा हात थरथरतोय. चार बोटं रुंदीपर्यंत जेमतेम ऐकतो, पुढे नाही. म्हणून घड्यांचं हे खूळ. ज्यांना पट्टी मारली त्यांच्यासमोर हे अक्षर मांडायची माझी छाती नाही. तुझ्या ट्रंकेत माझी तीस वर्षांची पत्रं आहेत. त्यातली तीन सुरेख अक्षरातली, नगरला येणाऱ्या कुणाजवळही पाठव. तुझ्या सासूबद्दलची नकोत. त्या तीन पत्रांनाच निऱ्या घालून उभं करते.

दुसरा ता. क. शेहेचाळीस सालचं, ज्यात आप्पाचं अक्षर म्हणजे चिखलात नाचलेली कोंबडी असं मी लिहिलंय, ते चुकूनही पाठवू नकोस.

तिसरा ता. क. तेच पाठव. इतकं सुंदर मी पुन्हा कधी लिहिलं नाही. आप्पाचं नाव निरीच्या आत जाईल. कोंबडी बाहेर राहू दे.