कुवेतच्या मिरचीला मारलेलं पाणी

मावशी, तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली. मी आता लातुरात असतो. लातूरचा नवा जिल्हा झालाय, कचेऱ्यांच्या पाट्या अजून रंगवणं चालू आहे. इथल्या एका अडतीवर आखाती देशांत जाणारा माल तपासायचं काम माझ्याकडं आहे. पोतं उघडलं की मी आधी मूठभर मिरची कानाशी हलवतो. बिया खुळखुळल्या तर माल कोरडा. लोक हसतात. हे मला बिलोलीजवळच्या गोदामात तुम्ही शिकवलंत. ज्या दिवशी शिकवलंत, त्या दिवसाबद्दल लिहायचं आहे.

ते दुष्काळाचं वर्ष. पावसाळा चालू होता, पण आभाळ कोरडं. तुम्ही मिरची निवडणाऱ्या बायांच्या मुकादम. मी सातवीतून शाळा सोडलेला, पोत्यांवर अक्षरं रंगवणारा आणि भरती बघणारा. रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी तुमच्या फडक्यात तुकडे होऊन यायची. आणि आपण कुवेतला मिरची धाडत होतो. रमजानच्या आत माल तिकडं पोचला पाहिजे म्हणून शेठची घाई. वाळलेली मिरची भरताना फुटते, म्हणून तिच्यावर पाणी शिंपडायची आपल्याकडची रीत. हैदराबादचा ट्रक दुसऱ्या दिवशी रिकामा होतो, तिथं ते चालून जातं. जहाजातला माल पंधरा-वीस दिवस कोंडलेला राहतो, हे मला माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नाही. एकही मिरची फुटू नये म्हणून मी संध्याकाळी दोन घागरी पाणी शिंपडलं. ते बायांनी कोसभरावरून पिण्यासाठी आणलेलं होतं.

सकाळी तुम्ही पोत्यात हात घालता, मूठ माझ्या कानाशी हलवता. काहीच वाजत नाही. "अरबाला मिरची धाडून राहिलास का भाजी?" तुम्ही म्हणता. मागून एक बाई ओरडते, "आमाला प्यायला न्हाई, अन् मिरचीची आंघोळ झाली!" सगळ्या हसतात. तुम्ही हसत नाही. तुमचा भाऊ मुंबईच्या गोदीत होता, जहाजाचं तुम्हाला ठाऊक होतं. हळू आवाजात म्हणालात, "बुरशी धरती, लेकरा. दिवसभर उपाशी राहून रोजा सोडणाऱ्याच्या ताटात जाईल ती."

तेवढ्यात शेठ आले. "ट्रक उभा हाय. पाणी कुणी मारलं?" माझं काम गेलं असतं तर घरात चूल पेटली नसती. मी तोंड उघडायच्या आत तुम्ही बोललात, "मीच मारायला लावलं. दोन दिवस द्या, शेठ. ऊन लई हाय, वाळवून देते."

"इतकी वर्षं मिरचीत काढली, अन् ही अक्कल?"

"हाव, म्हातारी झाले."

शेठनी दोन दिवस दिले, आणि तुमची मुकादमी काढून घेतली. तुम्ही बायांच्या ओळीत जाऊन निवडायला बसलात. मी गप्प राहिलो. तुम्ही त्यावर मला एका शब्दानंही टोचलं नाही. उलट दुपारी भाकरीचे तुकडे पुढं सरकवलेत, "खा. अन् पुढच्या वेळी विचारत जा." आज मी हरेक गोष्ट दोनदा विचारतो, लोक वैतागतात. माझं पोट त्या एका वाक्यावर चाललं आहे, मावशी.

एक राहिलं. मिरची पटांगणात पसरली होती ते दोन दिवस सगळं गाव आभाळाकडं बघत होतं. पोरं पावसासाठी धोंडी मागत दारोदार फिरत होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बिलोलीच्या अंगानं काळा ढग चढला. बाया काम टाकून उभ्या राहिल्या, तुम्हीही पदर सावरून उभ्या होतात, तुमच्या तोंडावर किती आशा होती. मी मात्र पसरलेल्या मिरचीकडं बघत मनात म्हणत होतो, आज नको, आज पडू नको. ढग निघून गेला. मिरची वाळली, जहाजावर चढली. पाऊस नंतरही आला नाही, आणि तुम्ही घागर घेऊन आणखी लांब जायला लागलात. मनातलं ते 'पडू नको' मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता या कागदावर लिहिलं आहे, तो तरी कुठं धाडणार आहे.