नऊ सेकंदांची ठेव

प्रिय मुंगी,

जागणाऱ्यांचे डोळे ज्याच्या प्रकाशाने उघडतात आणि झोपलेल्यांचा श्वास जो न थकता हाती धरून ठेवतो, त्याच्या कृपेने हे अक्षर उमटो आणि सरळ उमटो. एवढे मागून विषयाकडे वळतो. विषय आपल्या यंत्रकक्षातल्या त्या मंगळवारचा आहे. त्याला गेल्या महिन्यात सहा वर्षे झाली.

तुझी काकू बरी आहे. गुडघ्यांनी तिला जिना बंद केला, म्हणून आम्ही दोघे खालच्या खोलीत राहतो आणि वरची खोली पोथ्यांनी बळकावली आहे. माझ्या उजव्या डोळ्याचे काम झाले, डाव्याचे व्हायचे आहे. तोवर वाचन निम्मे आणि स्मरण दुप्पट असा हिशेब चालतो. काकू दर वर्षी एकदा तरी विचारते, ‘मुंगीला पत्र टाकलंत का?’ मी म्हणतो, टाकतो. ती म्हणते, ‘आता टाकतो म्हणू नका, टाकलं म्हणा.’ या वर्षी तिने विचारले नाही. न विचारणे मला अधिक ऐकू आले.

तुला जे पाठ आहे तेच मी इथे पुन्हा मांडणार आहे. त्याचे कारण शेवटी कळेल. तोवर कंटाळा सोस.

आपल्या कक्षात एक मोठा संगणक होता आणि त्याच्या पोटात सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे आभासी संगणक, नांदत. मोठ्याला आपण यजमान म्हणत असू, पोटातल्यांना पाहुणे. पाच पाहुण्यांचे सारे व्यवहार यजमानाच्या हातून होत. सहाव्याचे तसे नव्हते. डोंगराखालच्या बोगद्यातले कल मोजणारे यंत्र ज्या कार्डाला जोडलेले होते, ते कार्ड यजमानाने थेट त्या पाहुण्याच्या स्वाधीन केले होते, मध्ये कोणी नाही. यालाच तुम्ही मुले ‘पासथ्रू’ म्हणत होतात. त्या यंत्राला डोंगर कुठे आहे हे कळत नसे; आपण चालू झाल्यापासून तो किती कलला एवढेच ते मोजत राही. अकरा वर्षे ते अखंड मोजत होते. थांबून पुन्हा सुरू झाले, तर ते शून्यापासून मोजणार आणि आधीच्या आकड्यांशी त्याची सांगड कधीच बसणार नाही. पायथ्याशी वस्ती आहे. डोंगर खरोखर सरकतो आहे की ऋतूप्रमाणे नुसता मान हलवतो, हे सांगायला आणखी चार वर्षांची सलग नोंद हवी, असे भूशास्त्रज्ञ बाई सांगत.

अडचण अशी, की पाहुण्यांना चालवणारे सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे जुने राहिले होते आणि त्यात भगदाडे पडली होती. ते बदलायचे तर एकदा बंद करावे लागणार. ते बंद झाले की कार्डाची दोरी, म्हणजे त्याच्यावरचा ताबा, कोणाच्याच हातात उरत नाही. आणि ज्याची दोरी कोणी धरलेली नाही, असे उपकरण यजमान तत्काळ कोरे करून टाकतो. तो त्याचा नियमच आहे आणि एरवी चांगला नियम आहे.

हा पेच तू मला खिडकीपाशी चहा पिताना सांगितलास. पाच फूटही नसलेली, पण आपल्याहून मोठ्या यंत्रांचे खोके उचलणारी मुलगी. म्हणून तू मुंगी, आणि सगळ्या गोष्टीत शास्त्र काढतो म्हणून मी शास्त्रीबुवा. त्या दिवशीही मी काढलेच. म्हणालो, गाढ झोपेत मन लय पावते, ‘मी’ म्हणणाराही उरत नाही, तरी श्वास चालू राहतो. जागा झालेला माणूस तोच असतो, नवा नसतो. पूर्वसूरींनी विचारले, मधल्या वेळी धरून कोण ठेवतो? तू कप तसाच ठेवून उठलीस. ‘शास्त्रीबुवा, म्हणजे आपल्याकडेही एक धरणारं पाहिजे. काही न करणारं. नुसतं धरणारं.’ मला वाटले होते की मी मन रिझवण्यापुरते बोललो. तू ते काम म्हणून ऐकलेस.

दोन महिन्यांत तू तो चिमुकला प्रोग्राम लिहिलास. पाहुण्याला क्षणभर निजवायचे, त्याची स्मृती जागच्या जागी राहू द्यायची, कार्डाची दोरी या प्रोग्रामच्या हाती द्यायची. मग जुने सॉफ्टवेअर निघून जाईल, नवे येईल, आपली ठेव मागून घेईल आणि पाहुण्याला उठवेल. सगळे मिळून नऊ सेकंद. तेवढ्या वेळाचे आकडे कार्ड स्वतःच्या स्मृतीत साठवू शकत होते. प्रोग्रामचे नाव तू आत्याबाई ठेवलेस. लग्नघरात सगळ्यांच्या किल्ल्या, अंगठ्या, चष्मे जिच्या ओटीत असतात, जी कोणाची वस्तू उघडून पाहत नाही आणि मागितल्याशिवाय देत नाही, ती तुझी खरी आत्या. तिनेच तुला वाढवले होते. तेव्हापासून अख्खा कक्ष विचारी, ‘आत्याबाईंनी धरलंय ना?’ विजेचे काम पाहणारे अण्णा तर जेवायला जाताना आपली छत्री तुझ्या टेबलावर ठेवून म्हणत, ‘ही पण द्या आत्याबाईंकडे.’

चाचणीच्या यंत्रावर आपण चौदा रंगीत तालमी केल्या. चौदाही निर्विघ्न झाल्या. प्रत्येक वेळी तू मला दारातून बजावत असस, ‘शास्त्रीबुवा, आज झाडू मारायचा नाही हं.’ कारण माझा एक जुना प्रोग्राम होता, झाडलोट नावाचा. ज्या दोऱ्यांना धनी नाही त्या शोधून तो सोडून देई. आपोआप चालणारी झाडलोट मी त्या दिवसांत बंद ठेवी. हाताने चालवायची कळ मात्र माझ्या पटावर तशीच होती.

आता तो मंगळवार. सकाळचे अकरा. तू यंत्राच्या खोलीत, मी काचेपलीकडे माझ्या पडद्यासमोर, आणि माझ्या पाठीशी संचालक, बाहेरच्या दोन अधिकाऱ्यांना घेऊन आलेले. जुने सॉफ्टवेअर गेले. माझ्या पडद्यावरच्या यादीत एक लाल ओळ उमटली: ‘धनी नाही’. ती आत्याबाईंच्या हातातली ठेव होती, नुसत्या धरणाऱ्याला झाडलोट धनी मानत नसे एवढेच, हे मला ठाऊक होते. चौदा वेळा ती ओळ मी पाहिली होती. अधिकाऱ्यांपैकी एकाने संचालकांना हळूच विचारले, ‘हे लाल काय राहिलंय?’ तीस वर्षे मी माझ्या यादीत एकही लाल ओळ राहू दिली नव्हती आणि कक्षाला त्याचे कौतुक होते. माझे बोट कळेवर गेले. ओळ नाहीशी झाली. यादी स्वच्छ दिसली. सहाव्या सेकंदाला हे झाले. नवव्या सेकंदाला नव्या सॉफ्टवेअरने ठेव मागितली, तेव्हा आत्याबाईंच्या ओटीत काही नव्हते. यजमानाने आपला नियम पाळला होता. बोगद्यातले यंत्र शून्यावर आले होते.

ज्ञान होते, आज्ञा होती, अभ्यासही होता. तिन्ही असताना बोट हलले. ते अज्ञानाने हलले असते, तर मी हे पत्र सहा वर्षांपूर्वी लिहिले असते.

चौकशीत मला एकच प्रश्न विचारला गेला, ‘नेमकं काय झालं?’ मी उत्तर दिले, ‘आत्याबाईंच्या हातून ठेव सुटली, एवढं खरं.’ प्रत्येक शब्द खरा होता आणि संपूर्ण वाक्य खोटे होते. शास्त्रीबुवा खोटे बोलत नाहीत, अशी माझी कीर्ती. म्हणून दुसरा प्रश्न आलाच नाही. तू माझ्याकडे पाहून म्हणालीस, ‘शास्त्रीबुवा म्हणतात म्हणजे माझंच काहीतरी चुकलं असणार.’ त्यानंतर तीन आठवडे तू स्वतःच्या प्रोग्राममध्ये नसलेली चूक शोधत बसलीस. मी तुला रोज पाहत होतो. काचेतून चांगले दिसते. अहवालात ‘सदोष रचना’ असे शब्द आले आणि त्यापुढे तुझे नाव. पुढच्या महिन्यात तू गेलीस. आता गोदामांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर सांभाळतेस, असे अण्णांकडून कळले.

झाडलोटीच्या नोंदीचा कागद मी त्याच दिवशी छापून घेतला होता. दोन ओळींचा: वेळ, आणि चालवणाऱ्याचे नाव. तो माझ्या नित्यपाठाच्या पोथीत आहे. सहा वर्षे रोज सकाळी पान उलटताना तो हाताला लागे. मी तो पुढच्या पानात सरकवी आणि पाठ पुरा करी. पाठात कधी खंड पडला नाही. याहून अधिक त्याविषयी लिहिण्यासारखे नाही.

तू गेल्यावर तीनदा सॉफ्टवेअर बदलले गेले आणि तिन्ही वेळा यंत्र शून्यावर गेले, कारण आत्याबाईंवर कोणाचा भरवसा उरला नव्हता. भूशास्त्रज्ञ बाईंजवळ आज तुकडे आहेत, नोंद नाही. या महिन्यात चौथी वेळ होती. जुने प्रोग्राम पुसून टाकण्याआधी एकदा विचारावे म्हणून संचालकांनी मला बोलावले. यादीत आत्याबाई पहिल्याच होत्या. मी पोथीतला कागद त्यांच्यासमोर ठेवला. ते बराच वेळ वाचत होते. दोन ओळींना तेवढा वेळ लागत नाही. नंतर एवढेच म्हणाले, ‘तुम्ही बसा, शास्त्रीबुवा.’ मी उभा राहिलो.

परवा मंगळवारी, सकाळी अकराला, झाडलोट यंत्रातून समूळ काढून, तुझा प्रोग्राम एक अक्षरही न बदलता चालवला. जुने गेले. लाल ओळ उमटली आणि कोणीही तिला हात लावला नाही. नवे आले, ठेव मागितली, मिळाली. बोगद्यातला आकडा जिथे होता तिथून पुढे चालत राहिला. अण्णा घड्याळ धरून उभे होते. ‘नऊ,’ ते म्हणाले, आणि छत्री घेऊन बाहेर गेले.

अहवाल दुरुस्त होतो आहे. तुला रीतसर पत्र येईल आणि त्यात परत येण्याविषयीही विचारलेले असेल. ये वा न ये, हे सर्वस्वी तुझे आहे; माझ्या मनाकडे पाहून ठरवू नकोस. क्षमाही मागत नाही, कारण मागितली की ती देण्याचा भार तुझ्यावर पडेल आणि माझ्यामुळे तू पुष्कळ वाहिले आहेस. हे पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे. तुझे नाव चारचौघांत गेले होते, तर ते बंद पाकिटात परत करणे न्याय्य नव्हे. म्हणून मी याची प्रत माझ्या हाताने लिहून काढली आणि आज सकाळी यंत्रकक्षाच्या दाराशेजारच्या फलकावर लावून आलो. जे तुला पाठ आहे तेही सविस्तर लिहिले, ते तिथे वाचणाऱ्या नव्या मुलांसाठी. तुझी प्रत तुला आधी मिळावी, अशी इच्छा होती. पण टपालाचा मला भरवसा नाही आणि स्वतःचा त्याहून नाही.

तुझाच,
शास्त्रीबुवा

फलकापुढे उभे राहून हे वाचणाऱ्या सर्वांना: तुमच्या हाती दिलेली ठेव धनी येईपर्यंत तुमच्या हातून न सुटो, तुम्ही निजलात, तर तुमचे जे आहे ते धरणारा कोणीतरी जागा असो, आणि जागे झाल्यावर ते तुम्हांला जसेच्या तसे मिळो. सर्वांचे कल्याण असो.